गोळीतलं पाणी कुठे जातं?



नगरच्या या व्यासपीठावरून सहकार, इतिहास, दुष्काळ अशा विषयांवर मोठमोठी माणसं बोलून गेली. त्यांच्या पंक्तीत बसून मी गोळीच्या पिठाबद्दल बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा संयोजक थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जरा सोपं करून सांगा." सोपं करतो, पातळ करणार नाही.

रक्तदाबासाठी रोज अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेणारे या सभागृहात बरेच असतील. त्या गोळीचं वजन ५ मिलिग्रॅम नसतं, त्याच्या वीसपट, तीसपट असतं. उरलेलं वजन असतं दुधातल्या साखरेचं म्हणजे लॅक्टोजचं, मक्याच्या स्टार्चचं, डायकॅल्शियम फॉस्फेटचं, किंवा लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजचं. हे शेवटचं नाव उच्चारायला कुणाला वेळ नसतो, म्हणून कारखान्यात त्याला एमसीसी म्हणतात. या सगळ्यांना मिळून एक्सिपियंट म्हणतात. औषधाची किंमत, औषधाचं पेटंट, औषधाचे दुष्परिणाम यांवर चर्चा झडतात. एक्सिपियंट बिचारे गोण्यांमधून येतात, गोळीतून जातात, आणि काही बिघडलं तरच त्यांचं नाव निघतं.

पॅरासिटामॉलचं गणित उलटं आहे. तिथे ५०० मिलिग्रॅम औषधच असतं आणि बाकीच्यांना जेमतेम जागा मिळते. पण पॅरासिटामॉलचे स्फटिक नुसते घेऊन मशीनमध्ये दाबले तर ते एकमेकांना धरत नाहीत. दाब सुटला की उसळतात आणि गोळीचा वरचा भाग टोपीसारखा निघून येतो. याला कॅपिंग म्हणतात. शिवाय बारीक पावडर हॉपरमधून सरळ वाहत नाही, अडकत अडकत येते; मग एक गोळी जड, एक हलकी. या दोन्ही दुखण्यांवरचा जुना आणि अजूनही सर्वांत जास्त वापरातला इलाज म्हणजे पावडर ओली करायची, तिचे रवाळ दाणे करायचे, वाळवायचे आणि मग दाबायचे. हेच वेट ग्रॅन्युलेशन.

दाणे करण्याची विद्या औषधवाल्यांची एकट्याची नाही. आपल्याकडचा शेतकरी १०:२६:२६ खताची गोणी फोडतो तेव्हा त्यातून पडणारे गोल दाणे त्याच विद्येचे. या विद्येतला एक पायाभूत निबंध १९५८ साली लंडनमध्ये न्यूइट आणि कॉनवे-जोन्स यांनी लिहिला तोसुद्धा वाळूवर प्रयोग करून. त्यांनी मांडलेली गोष्ट अशी: कणांच्या मधल्या पोकळीत पाणी थोडं असलं की दोन कणांना जोडणारे सुटे सुटे पूल तयार होतात, पाणी वाढलं की पूल एकमेकांना मिळतात, आणखी वाढलं की पोकळी पूर्ण भरते, आणि त्याही पुढे गेलं की कण पाण्यात तरंगू लागतात, म्हणजे दाणा संपला आणि चिखल सुरू झाला. या शेवटच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर किती, यावर कारखान्यातल्या माणसाची झोप अवलंबून असते.

आता वाळू आणि गोळीचं पीठ यांत एक मोठा फरक आहे. वाळू पाणी पीत नाही, पाण्यात विरघळत नाही, पाण्याने फुगत नाही. तिच्यावर ओतलेलं सगळं पाणी तिच्या अंगाबाहेर, दोन कणांच्या मध्येच राहतं. आपले एक्सिपियंट मात्र प्रत्येक जण पाण्याची विल्हेवाट आपापल्या पद्धतीने लावतो. ओतलेल्या पाण्यातलं कणांच्या मध्ये, दाणा बांधायच्या कामाला नेमकं किती उरलं, हा ओल्या ग्रॅन्युलेशनमधला खरा प्रश्न आहे. किती लिटर ओतलं हा आकडा बॅच रेकॉर्डमध्ये असतो. किती उरलं हे त्यात नसतं.

लॅक्टोजपासून सुरुवात करू. ते पाण्यात विरघळतं. २० अंश सेल्सिअसला एक भाग लॅक्टोज विरघळायला साधारण पाच भाग पाणी लागतं. ५० अंशांना सव्वादोन भागांच्या आसपास पुरतं. म्हणजे तापमान चढलं की तेवढंच पाणी दुपटीहून जास्त लॅक्टोज विरघळवतं, आणि विरघळलेलं लॅक्टोज म्हणजे घन पदार्थ कमी आणि द्रव जास्त. ग्रॅन्युलेटरमध्ये पातं फिरतं, घर्षणाने वस्तुमान तापतं, आणि एक थेंब पाणी न घालता पीठ आपोआप जास्त ओलं होतं. त्यात दाणे बांधायला स्टार्चची पेस्ट गरमागरम ओतली असेल तर विचारू नका. लॅक्टोजची बॅच म्हणूनच शेवटच्या अर्ध्या मिनिटात हाताबाहेर जाते. आधी काहीच होत नाहीसं वाटतं, मग एकदम गोळे.

एमसीसीचा स्वभाव याच्या विरुद्ध. ते पाण्यात विरघळत नाही, पण त्याच्या कणाला आतून असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि पाणी तिथे जाऊन बसतं. स्वतःच्या वजनाइतकं पाणी पोटात घेऊनही एमसीसी हाताला फार ओलं लागत नाही. त्यामुळे चूक पोटात घालण्याची त्याची तयारी मोठी. नवशिक्या फॉर्म्युलेशनवाल्याला म्हणून एमसीसी आवडतं, आणि माझ्या मते थोडं जास्तच आवडतं. कारण या समजूतदारपणाची किंमत नंतर द्यावी लागते. ओलं होऊन वाळलेल्या एमसीसीची छिद्रं मिटतात, कण घट्ट होतो, आणि दाबल्यावर आकार बदलून शेजाऱ्याला घट्ट धरण्याचा जो गुण पाहून ते विकत घेतलं, तोच कमी होतो. फिलाडेल्फियाजवळच्या अमेरिकन व्हिस्कोस कंपनीत ओ. ए. बॅटिस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हे द्रव्य शोधलं. पुढे ते गाजलं ते मुख्यतः कोरड्या, थेट दाबण्याच्या पद्धतीमुळे. ओल्या पद्धतीत ते जपून वापरावं, आणि काही भाग दाणे झाल्यावर बाहेरून मिसळावा.

स्टार्च पाणी पितो आणि फुगतो. ते सावकाश होतं, म्हणून पाणी घालून झाल्यावरही पाच-सात मिनिटं वस्तुमान बदलत राहतं. डायकॅल्शियम फॉस्फेट पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचे कण जड, ठिसूळ, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. चौघांत वाळूच्या सगळ्यात जवळचं तेच. आणि औषध स्वतः? मधुमेहावरचं मेटफॉर्मिन पाण्यात भसाभस विरघळतं. त्याच्या बॅचला लॅक्टोजचे सगळे नखरे लागू होतात, गोळीत लॅक्टोजचा कण नसला तरी.

प्रत्यक्षात हे दिसतं कसं, ते विद्यार्थ्यांसाठी सांगतो. आरएमजी म्हणजे रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटर. स्टीलचं मोठं भांडं, तळाशी इम्पेलर, बाजूने चॉपर. कोरडं पीठ मिसळून झालं की वरून बाइंडरची, म्हणजे दाणे बांधणाऱ्या द्रावणाची, धार सुरू होते. पहिल्यांदा आवाज पिठाचाच असतो, फसफस. मग तो जड होतो, इम्पेलरच्या मोटरचा अँपिअर काटा वर सरकतो. जुना ऑपरेटर मशीन थांबवतो, ग्लोव्हज घातलेल्या हाताने मूठभर माल काढतो, मूठ आवळतो, उघडतो, आणि अंगठ्याने तो गोळा मधोमध मोडतो. स्वच्छ दोन तुकडे झाले तर माल तयार. भुसभुशीत सांडला तर कमी. अंगठा आत रुतला तर गेली बॅच. या मूठ-परीक्षेला बाहेरून येणारे ऑडिटर हसतात. मी हसत नाही. कणांच्या मधे उरलेलं पाणी ती मूठ मोजत असते. बाझलच्या हान्स लॉयनबर्गर यांनी मोटरच्या वीजवापराचा आलेख काढून तीच गोष्ट कागदावर आणली: वीजवापर आधी झपाट्याने चढतो, मग काही काळ जवळजवळ सपाट चालतो, आणि चांगले दाणे त्या सपाट भागात मिळतात. तो सपाट भाग कुठे सुरू होईल आणि किती लांब असेल, हे ठरवतात एक्सिपियंट. लॅक्टोजचा पट्टा आखूड, एमसीसीचा लांब.

आपला जिल्हा ज्वारीचा, तेव्हा एक दाखला घरातला देतो. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेने चिरते. मग घरातली बाई गार पाण्याचा नाद सोडते, उकळतं पाणी घेते, पिठाची उकड काढते आणि भाकरी जुळून येते. गव्हासारखा चिकट ग्लुटेन ज्वारीत नाही; जे काही धरून ठेवायचं ते स्टार्चने, आणि कच्चा स्टार्च धरत नाही. मक्याचा स्टार्च पाण्यात ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगून फुटतो आणि चिकट होतो. कारखान्यातल्या पेस्ट केटलमध्ये नेमकं हेच चालतं. एकच स्टार्च पेस्ट करून घातला तर दाणे बांधतो, आणि कोरडा घातला तर पोटात पाणी लागल्यावर फुगून गोळी फोडायला मदत करतो. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाप्रमाणे साध्या, आवरण नसलेल्या गोळीने पंधरा मिनिटांत विघटित व्हायला हवं. त्यामुळे केटलमध्ये किती आणि कोरडा किती, ही वाटणी नुसत्या सवयीने करून भागत नाही.

आता नगरच्या हवेकडे येऊ. स्टार्च हवेतलं पाणी देतो आणि घेतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उघडा राहिला तर आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरतो, पावसाळी दमट हवेत तेरा-चौदावर जातो. समजा ३०० किलोच्या बॅचमध्ये १०० किलो स्टार्च आहे. नऊ टक्क्यांचा माल आणि तेरा टक्क्यांचा माल यांत चार किलो पाण्याचा फरक पडला. बाइंडरमधून आपण ४० लिटर पाणी घालणार असू, तर हा त्याचा दहावा हिस्सा झाला, आणि तो कुठल्याही पायरीवर कुणी ओतलेला नाही. गोणीतून आला. दोन्ही गोण्यांच्या प्रमाणपत्रावर मात्र शिक्का एकच: मर्यादेत. प्रमाणपत्र खोटं नसतं. ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं.

वाळवतानाही हेच. फ्लुइड बेड ड्रायरमधून दाणे काढताना ओलाव्याची टक्केवारी पाहतात, तिला एलओडी म्हणतात. "दोन टक्के आलं की काढा," असा आदेश असतो. लॅक्टोज मोनोहायड्रेटच्या स्फटिकात जवळजवळ पाच टक्के पाणी बांधलेलं असतं, ते नेहमीच्या वाळवणीत निघत नाही आणि त्या दोन टक्क्यांत धरलेलंही नसतं. स्टार्चचं पाणी मात्र सहज निघतं, आणि स्टार्चला फार कोरडं केलं की दाणा ठिसूळ होतो, गोळी पुन्हा टोपी काढते. दोन टक्के हा आकडा लॅक्टोजच्या दाण्याला ठीक, स्टार्चबहुल दाण्याला उपाशी ठेवणारा. एका कारखान्यात, नाव घेत नाही, कॅपिंग थांबेना म्हणून आठवडाभर पंच बदलले, दाब बदलला, मशीनचा वेग कमी केला. मशीन निर्दोष होतं. ड्रायरचा माणूस जास्त प्रामाणिक होता, दोन टक्के सांगितले तर तो सव्वाला आणून सोडायचा.

कणांचा आकार हा आणखी एक विषय, तो उरकतो. लॅक्टोजच्या नेहमीच्या २०० मेशच्या मालात मधला कण साधारण ४० मायक्रॉनचा, ४५० मेशच्या मालात २० च्या आसपास. कण बारीक म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणजे भिजवायला पाणी जास्त, आणि दाणा जास्त मजबूत. खरेदी खात्याला दोन्ही लॅक्टोजच दिसतात, आणि दोन्हींतल्या किलोमागे काही रुपयांचा फरकही दिसतो.

पण बारीक-जाड हे निदान चाळणीने कळतं. न कळणारे फरक जास्त त्रासाचे. स्पेनमधल्या सांतियागोच्या संशोधकांनी १९९३ च्या सुमारास वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लाकडाच्या लगद्यापासून केलेलं एमसीसी तपासलं. फार्माकोपियाच्या कसोट्या सगळे पास. गोळीतली वागणूक मात्र वेगवेगळी. फार्माकोपिया शुद्धतेचा पहारेकरी आहे, आणि तो चांगला पहारा देतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणात व्यवस्थेची लक्तरं वेशीवर टांगली. तो प्रश्न भेसळीचा होता आणि त्याला तपासणी हेच उत्तर आहे. मी बोलतोय तो प्रश्न अस्सल, शुद्ध, कागदोपत्री निर्दोष मालाचा आहे.

निर्दोष माल काय करू शकतो, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. १९६८ च्या सुमारास तिथे फेनिटॉइन या फेफऱ्यावरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये भरावाचं द्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज करण्यात आलं. औषध तेच, मात्रा तीच. ब्रिस्बेनमधल्या रुग्णांना चक्कर येऊ लागली, तोल जाऊ लागला, रक्तातली औषधाची पातळी वाढलेली निघाली. कॅल्शियम सल्फेट असताना औषधाचा काही भाग शरीरात शिरतच नव्हता. लॅक्टोजबरोबर तो शिरला, आणि वर्षानुवर्षं बसवलेली मात्रा विषारी ठरली. ते कॅप्सूल होतं, गोळी नव्हे, आणि तिथे ग्रॅन्युलेशनचाही प्रश्न नव्हता. पण भरावाला काही गुण नसतात असं मानणाऱ्यांसाठी हे प्रकरण पुरेसं आहे.

आपल्या जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न मागच्या रांगेतून येण्याआधी मीच घेतो. आपल्या एमआयडीसीत औषधाचं मूळ द्रव्य बनतं. नॉल कंपनीचा इथला कारखाना १९९६ मध्ये सन फार्माने घेतला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पण एक्सिपियंटच्या कच्च्या मालाकडे पाहिलं तर नगर जिल्हा म्हणजे कोठारच आहे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि आज कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत चिमण्या दिसतात. साखर म्हणजे सर्वांत जुन्या बाइंडरांपैकी एक, ६६.७ टक्क्यांचा साखरेचा पाक फार्माकोपियात आहे. उसाच्या चिपाडात चाळीस टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतं. मळीपासून अल्कोहोल निघतं, साकरवाडीला त्यापासून पुढची रसायनंही बनतात, आणि पाणी न सोसणाऱ्या औषधांचं ग्रॅन्युलेशन अल्कोहोलमध्येच करतात. दुधात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज असतं, आणि दूध तर संगमनेर, राहाता, पारनेरच्या घराघरात.

एवढं असून इथून एक्सिपियंटच्या गोण्या बाहेर का पडत नाहीत? भाषणांमधून उत्तर मिळतं की प्रोत्साहन नाही, अनुदान नाही. मला ते पटत नाही. आपल्या बहुतेक कारखान्यांत रस गंधकाच्या धुराने निवळतात, त्यामुळे साखरेत सल्फाइटचा अंश राहतो. औषधाला रिफाइंड साखर लागते. लॅक्टोज काढायचं तर चीजमागचं पाणी टँकरच्या हिशेबाने आणि रोज लागतं, आपलं दूध मात्र पिशवीतून चहात आणि भुकटीत जातं. चिपाडाची अडचण आणखी वेगळी आहे. चिपाडातून सेल्युलोज काढणं अवघड नाही. अल्कली, ब्लीच, मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, धुणं, वाळवणं. फार्मसी कॉलेजांच्या प्रकल्प-वह्यांमध्ये हे शेकडो वेळा झालेलं आहे. रासायनिक कसोटीवर ते पासही होतं. अडतं ते पुढे. चिपाडात गाभ्याचा भुसा किती होता, ऊस कुठल्या जातीचा, किती महिन्यांचा, चिपाड ढिगावर किती दिवस पडलं, यावर छिद्रं बदलतात, आणि छिद्रांवर पाणी. डिसेंबरच्या गाळपाचं एमसीसी आणि मार्चच्या गाळपाचं एमसीसी आरएमजीमध्ये एकसारखं पाणी पिणार नसेल, तर ते कितीही स्वस्त असो, औषध कारखाना ते घेणार नाही. शिवाय चिपाडाला आज बॉयलरमध्ये गिऱ्हाईक आहे. सहवीजनिर्मितीत जळणाऱ्या चिपाडाला ऊस कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नाही.

बदलत्या मालाच्या बाबतीत प्रक्रियावाल्यांकडूनही चूक होते, ती सांगतो. कागदावर सगळं बांधून टाकलं की गुणवत्ता आली, ही समजूत. पाणी ४० लिटर, मिक्सिंग सहा मिनिटं, इम्पेलर अमुक वेगाने, इंच इकडे-तिकडे नाही. पण येणारा माल बदलत असताना प्रक्रिया दगडासारखी ठेवली तर बदल नाहीसा होत नाही, तो मुकाट गोळीत उतरतो. आयसीएच क्यू-८ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००५ सालीच वेगळी वाट दाखवली: मालाचे कुठले गुण बदलल्यावर प्रक्रिया किती सरकवायची, ते आधी प्रयोगाने शोधा, आणि त्या हद्दीत सरकवायची मुभा घ्या. आपल्याकडे २०२३ च्या डिसेंबरात सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांची नियमावली, अधिसूचित झालं, लहान कारखान्यांनाही ते पाळणं भाग आहे. माझी भीती अशी की त्यातून फाइली जाड होतील आणि गोणीतलं पाणी मोजायचं राहूनच जाईल.

म्हणून लोणी-प्रवरानगर, राहुरी, संगमनेर, नगर इथल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. चिपाडापासून पुन्हा एकदा एमसीसी काढू नका; ते झालंय. आहे त्याच एमसीसीचं, आहे त्याच स्टार्चचं पाणी पिणं मोजा. लहान ग्रॅन्युलेटर आणि मोटरचा वॉटमीटर एवढंच लागतं. प्रत्येक महिन्याला एक गोणी, त्याच दिवसाची आर्द्रता, त्याच दिवसाचा एलओडी, आणि वीजवापराच्या आलेखाचा सपाट भाग कुठे सुरू झाला ती पाण्याची टक्केवारी. पुरवठादार बदलला की तारखेसह नोंद. चिपाडाच्या एमसीसीवर ज्यांना खरोखरच काम करायचं असेल त्यांनी एकाच कारखान्याचं चिपाड गाळपाच्या प्रत्येक महिन्यात घ्यावं आणि हाच आलेख काढावा. हंगामाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आलेख एकमेकांवर ठेवल्यावर दोघांत किती टक्क्यांचं अंतर पडतं, ते पाहूनच पुढच्या टनावारी गप्पा माराव्यात.